गटाचा हिशेब एक्सेलमध्ये नेताना

नाबार्डने २०१५ मध्ये ई-शक्ती सुरू केली, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे होता. आता गटाची वही मोबाइलवर आली. काही ग्रामसंघ स्वतःचा छोटा प्रोग्रॅम करून घेतात आणि तो एक्सेलला जोडतात. ‘रिफ्रेश’ दाबलं की बचत, कर्ज, थकबाकी समोर येते.

सोय मोठी आहे, पण प्रोग्रॅमचं कुलूप एक्सेलबरोबर येत नाही. फाईल ही हिशेबाची प्रत असते. ती व्हॉट्सॲपवर फिरली की कुणाचे हप्ते थकले ते अख्ख्या वाडीला कळतं. बैठकीत आपण हिशेब मोठ्याने वाचतोच, पण तो दहा-बारा जणींत. बाहेर गेला की त्या बाईला घरी काय ऐकावं लागतं, ते मी सांगायला नको.

एक्सेलचं ‘प्रोटेक्ट शीट’ आकडे बदलू देत नाही, वाचू मात्र देतं. लपवलेला रकाना म्हणजे तर पदराखालचा डबा! वाचणंच रोखायचं असेल तर संगणकावर ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, मग ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’. हा पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही. म्हणून तो अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या.

प्रोग्रॅम करणाऱ्याला आधीच सांगा, आधार आणि बँक खात्याचे नंबर एक्सेलकडे पाठवूच नको. बैठकीला ते लागत नाहीत.

ताम्हिणीत पावसात रेंज जाते, म्हणून पेनड्राइव्हवर प्रत ठेवतो. सचिव बदलल्या की पासवर्ड बदला आणि जुन्या प्रती पुसा. त्या जुन्याच पासवर्डने उघडतात.