फार्महाऊसचं तळं आणि खालची वस्ती

मावळात आणि खेड तालुक्यात, चाकण-भोसरीच्या कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या पैशातून घेतलेल्या डोंगरउताराच्या जमिनींवर एक हौस जागोजागी दिसते. ओढ्याला आडवा मातीचा भराव टाकायचा, पावसाळ्यात पाणी अडवायचं, काठावर झाडं लावायची, मासे सोडायचे. हौस चांगलीच आहे. पण ‘एवढंसं तर तळं, त्याला काय होतंय’ हे वाक्य त्या हौसेबरोबर येतं आणि सगळ्या गैरसमजांची सुरुवात तिथेच होते.

एक हिशेब मांडू. एक एकर पसरलेलं आणि सरासरी 3 मीटर खोल तळं म्हणजे सुमारे 12,000 घनमीटर पाणी. 10,000 लिटरचे 1,200 टँकर! भराव फुटला तर त्यातलं बरंचसं पाणी काही मिनिटांत ओढ्याला लागतं. त्यामुळे धरण किती उंच आहे यापेक्षा त्याच्या खाली काय आहे हे आधी बघायला हवं. दहा वर्षांपूर्वी ओढ्याकाठी मोकळं रान होतं, तिथे आज कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या असतील, तर बांधात काहीही बदल न होता तो बांध धोक्याचा झालेला असतो.

‘सरकारचं कुणीतरी तपासत असेलच’ हीसुद्धा अशीच एक समजूत. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूर किंवा पाया यांबाबतच्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांना. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते. पाच-सहा मीटरचा खासगी बांध या चौकटीबाहेर राहतो. त्याचा अर्थ मालक मोकळा सुटला असा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ओढ्या-नाल्यांचं पाणी मुळात शासनाचं आहे, त्यामुळे ते अडवायला परवानगी लागते. आणि नुकसानभरपाईबाबतचा जो निकाल आपली न्यायालयं आजही विचारात घेतात, तो इंग्लंडमधल्या एका गिरणीमालकाच्या खासगी तळ्याचाच आहे. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, 1868. तळ्याचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता, तरी भरपाई त्यालाच द्यावी लागली.

आता बांधणीकडे वळू. ‘जेसीबीने माती ढकलली, वरून डंपर फिरवले, झाली दबाई.’ असं होत नाही. माती 15 ते 20 सेंटीमीटरच्या थरांत पसरून, योग्य ओल धरून, रोलरने दाबावी लागते. मुठीत दाबल्यावर मातीचा लाडू वळला पाहिजे. तो भुगा होऊ नये आणि हाताला चिकटूही नये. काळी माती पाणी छान अडवते, म्हणून ती गाभ्यात घालतात. पण उन्हाळ्यात ती भेगाळते, म्हणून बाहेरून आणि माथ्यावर मुरूम हवा. भरावाच्या माथ्यावर आडव्या, म्हणजे पाण्याकडून खालच्या उताराकडे जाणाऱ्या भेगा दिसल्या, तर पहिल्या मोठ्या पावसाच्या आत त्या खोदून पुन्हा भरून दाबल्याच पाहिजेत. वरवर माती लोटून चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सांडव्याबाबत. अनेक ठिकाणी भरावात 12 इंची पाइप टाकतात आणि त्यालाच सांडवा म्हणतात. चाळीस एकरांच्या पाणलोटावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला आणि जमीन आधीच भिजलेली असली, तर सेकंदाला सव्वादोन घनमीटरच्या आसपास पाणी तळ्याकडे धावतं. 12 इंची पाइप त्याचा फार तर दहावा हिस्सा नेईल. उरलेलं पाणी भरावाच्या माथ्यावरून जाणार, आणि मातीचा भराव माथ्यावरून पाणी जाणं सोसत नाही. खालचा उतार कापत कापत भगदाड पडतं. तेवढाच लोंढा अर्धा मीटर खोल वाहू द्यायचा तर किमान बारा फूट रुंदीचा उघडा सांडवा लागतो, तोही शक्यतो भरावात नको, बाजूच्या मूळच्या कठीण जमिनीत हवा. आणि हे गणित प्रत्येक जागी नव्याने करावं लागतं. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात 700 च्या आसपास. मित्राच्या तळ्याचा सांडवा बघून आपला बांधणं म्हणूनच धोक्याचं.

सांडव्यावर मासे अडवायला जाळी लावणाऱ्यांनी तर जॉन्सटाउनची हकिगत जरूर समजून घ्यावी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या धनिक उद्योजकांचा एक क्लब होता. त्यांनी कालव्यासाठी बांधलेलं एक जुनं मातीचं धरण मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतलं. बग्ग्यांना जाता यावं म्हणून माथा उतरवून सपाट केला आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत जाळ्यांत पालापाचोळा आणि ओंडके तुंबले, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. 2,200 हून अधिक माणसं मेली. ते धरण मोठं होतं, पण त्यातल्या चुका आपल्या तळ्यावर जशाच्या तशा होऊ शकतात.

‘झाडांच्या मुळांनी भराव घट्ट धरला जातो’ हेही खरं नाही. सुबाभूळ असो की निलगिरी, मुळं ओलाव्याच्या शोधात आत शिरतात. झाड मेलं की मुळं कुजतात आणि मागे पोकळ वाटा राहतात. वादळात झाड उन्मळलं तर भरावाचा लचका घेऊन पडतं. भरावावर हरळीसारखं आखूड गवतच हवं. रोपं लहान असतानाच उपटावीत. जुनं मोठं झाड असेल तर नुसतं तोडू नये. पाणी कमी असताना, जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली, मुळांसकट काढून खड्डा थराथराने दाबून भरावा.

पाझराबाबत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कुणी पायथ्याशी ओल दिसताच घाबरतो, कुणी ‘मातीचं धरण आहे, पाझरणारच’ म्हणून सोडून देतो. थोडा पाझर असतोच. तो किती आहे आणि कसा आहे, हे बघायचं. पाझराचं पाणी एका चारीत गोळा करून बादली किती वेळात भरते ते दर आठवड्याला वहीत लिहावं, तळ्याच्या पातळीसकट. काचेच्या बाटलीत ते पाणी धरून तासभर ठेवावं. तळाशी गाळ बसला, तर भरावातली माती वाहून येते आहे, आतल्या आत नळी तयार होते आहे. पातळी तेवढीच असून पाझर वाढला तरी तोच इशारा. अशा वेळी लोक बाहेरून सिमेंट किंवा चिकणमाती थापून तोंड बुजवतात. त्याने पाणी थांबत नाही, आतला दाब वाढून ते दुसरीकडून फुटतं. तिथे आधी वाळू, मग खडी, वर दगड असे थर रचावेत. पाणी निघून जातं, माती अडते. भरावातून जाणाऱ्या पाइपच्या कडेने तर विशेष लक्ष हवं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा विमोचकाचं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेचं, काम अपुरं होतं आणि त्यावरचाच भराव खचत गेला होता.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. ते सरकारी धरण होतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं तेव्हा राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. मात्र त्यातून खेकडे-घुशींच्या बिळांनी काहीच होत नाही असा उलटा समज पसरू नये. लहान, अरुंद भरावात बिळाने पाण्याची वाट आखूड होते. म्हणून गवत कापून बिळं शोधायची, खोदून उघडायची, ओली माती दाबत भरायची. बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. धरण फुटतं ते महिनोन्महिने कुणी न बघितल्याने.

आणि धोका वाटला की तळं एकदम रिकामं करायचं, हेही नेहमी बरोबर नसतं. पाणी झपाट्याने उतरलं तर आतला भिजलेला उतार घसरतो. दिवसाला साधारण फूटभर हा सावध वेग. भराव फुटण्याच्या बेतात असेल, तर मात्र हा नियम बाजूला ठेवून मिळेल त्या वाटेने पाणी उतरवायचं आणि त्याआधी खालच्या वस्तीला हलवायचं. मालक निगडीत आणि तळं मावळात असेल, तर पावसाळ्याच्या रात्री हे काम रखवालदाराच्याच अंगावर येतं. त्याच्याकडे चांगली बॅटरी, खालच्या चाळीतल्या दोघा-तिघांचे, तहसील कार्यालयाचे नंबर आणि 112 हवेत, आणि मालकाला न विचारता लोकांना उठवायची मुभा त्याला आधीच स्पष्ट शब्दांत दिलेली हवी.