पुण्याची हवा

आजीनं मला एकदाच विचारलं, तेही मे महिन्यात, ओसरीवर बाळहिरडा निवडताना. "तू आधीपास्नंच असा हायेस, का पुण्याची हवा लागली?"

'असा' म्हणजे कसा, ते आमच्या गावात, आहुप्यात, कुणी उच्चारत नाही. तीन स्थळं मोडल्यावर मीच घरात सांगून टाकलं होतं, की मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, मुलांबद्दल वाटतं. वडील उठून गुरांकडे गेले. दोघे थोरले भाऊ मोबाइलात बघत बसले. आजी तेवढी सूप घेऊन समोर बसून राहिली.

हवेचा हिशोब सोपा आहे. पुणं मी पहिल्यांदा पाहिलं ते बारावी झाल्यावर. आश्रमशाळेत सातवीत होतो, तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीशेजारी एका पोराची पेटी असायची. तो सुट्टीला घरी गेला की मला जेवण जायचं नाही. बाकीची पोरं एकमेकांना मुलींच्या नावानं चिडवायची, मीही त्यांच्यासोबत हसायचो. घरी टीव्ही नव्हता, फोनला रेंज नव्हती. या वाटण्याला काही नाव असतं, हेसुद्धा माहीत नव्हतं. मग हे मला शिकवलं कुणी?

निवडच असती तर तो दिवस आठवला असता. मला आठवतात ते उलटे खटाटोप. देवराईतल्या देवाला नवस, अंगारा, कॉलेजात एका मुलीशी ठरवून केलेली मैत्री (तिची मी आजही माफी मागावी, असं वाटतं), आणि पुण्यातले एक डॉक्टर. त्यांनी चार महिने गोळ्या दिल्या. झोप छान लागायची, एवढाच गुण आला.

त्या डॉक्टरांनी खरं तर आधी थोडं वाचायला हवं होतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं ती १९९० मध्ये काढली. आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असा कल 'बदलून देण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन, असं ठरवलं. माझ्या गोळ्या त्याच्या आधीच्या.

मग हे रक्तातच असतं का? इथं मीही बरीच वर्षं सोप्या उत्तराच्या शोधात होतो. 'जनुक सापडलं' म्हटलं की घरचे गप्प बसतील, ही आशा. तसं एकच जनुक काही सापडलेलं नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांची जनुकं तपासली गेली (सगळे युरोपीय वंशाचे, त्यात आम्ही महादेव कोळी कुठून असणार). ठळक दुवे सापडले पाचच, आणि तेही किरकोळ वजनाचे. बाकी असंख्य बारीकसारीक धाग्यांचा गुंता. जुळ्या भावंडांत एक समलैंगिक असला तर दुसराही असण्याची शक्यता वाढते, पण कित्येकदा दुसरा नसतो. म्हणजे जनुकांचा वाटा आहे, सगळा खेळ त्यांचा नाही.

मला सगळ्यात गंमत वाटली ती थोरल्या भावांची. एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे, तितकी धाकट्या मुलाच्या बाबतीत ही शक्यता वाढत जाते. दर भावामागे साधारण एक तृतीयांशानं. मुलग्याच्या गर्भातल्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या गर्भावर त्यांचा परिणाम होतो, असा त्यामागचा एक तर्क आहे. मी तिसरा. पण मूळ शक्यता शंभरात तीन धरली, तर दोन भावांनंतर ती पाचावर जाते, बस. आमच्या खोऱ्यात तिसरे मुलगे ढिगानं आहेत. त्यांची लग्नं झाली, पोरं झाली.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या कचाट्यातून आम्हाला सोडवलं. हा कल नैसर्गिक आहे, असं न्यायालय म्हणालंच, पण खासगीपणा आणि प्रतिष्ठा हेही मुद्दे मांडले. मला ते जास्त पटलं. उद्या कुणी सिद्ध केलं, की जन्मानंतरच्या कशानं तरी मी असा झालो, तर मी परत गुन्हेगार होणार का?

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये आमच्यासारख्यांसाठी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केली. त्यांची 'पार्टनर' कादंबरी वाचायची म्हणून मी वाचनालयात गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी व. पु. काळ्यांची 'पार्टनर' हातात ठेवली. दुसरी मागायची हिंमत झाली नाही. वपु वाचून परत केले.

हे सगळं आजीला कसं सांगणार? मी म्हटलं, "आजी, बाळहिरडा आणि मोठा हिरडा झाड एकच ना?"

"येकच. कवळा काढला का बाळहिरडा."

"आणि लईच कवळा काढला तर बेहडा होतो का?"

"येडा हायेस का!" ती हसली. मग मी पेटीची गोष्ट सांगितली, तिनं विचारलं नव्हतं तरी. ती सुपातल्या काड्या वेचून बाजूला टाकत राहिली.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "कुठल्या गावचा व्हता तो?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"त्यांचा हिरडा आपल्या आधी येतो," ती म्हणाली आणि सूप माझ्याकडे सरकवलं.