झिजलेली शिवराई कशी ओळखावी?

जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत किंवा जुन्या बाजारातील मोडीच्या ढिगात तांब्याची शिवराई अजूनही हाती लागते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढाच तिच्यावरील मजकूर. तो शिवछत्रपतींच्या मागेही, पेशवाईअखेरपर्यंत चालत राहिला. तेव्हा अक्षरे वाचता आली तरी नाणे कोणत्या काळचे, हे तेवढ्याने ठरत नाही. ते ठरवण्यास ठसा ओळखावा लागतो.

टांकसाळीतील कारागीर ठशावर अक्षरे हाताने, उलटी कोरीत असे. दोन ठशांमध्ये तांब्याची चकती ठेवून वरून घण मारला की नाणे तयार. ठसा झिजला वा फुटला म्हणजे दुसरा कोरीत. आणि हाताने कोरलेले दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच होत नाहीत. कोठे ‘ति’ ऱ्हस्व, कोठे दीर्घ. कोठे ‘छ’ कललेला. उत्तरकालीन ‘दुदांडी’ शिवराईवर तर दोन आडव्या रेघा स्पष्टच असतात. १८१८ नंतर कंपनीच्या अमलातही काही काळ ती पाडली जात होती.

नाणे झिजले असेल तर काय पाहावे? अक्षरांची बारीक वळणे आधी जातात. त्यांच्यामधील अंतरे मात्र टिकतात. म्हणून ती मोजावीत. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर उंच रेघ उठते. नाण्याला पडलेला ओरखडा खोल असतो. एकाच ठशाच्या दोन नाण्यांत ज्यावरील तडा मोठा, ते मागाहून पाडलेले, हे उघड आहे. शिवाय चकती बहुधा ठशाहून लहान असे. एका नाण्यावर डावी अक्षरे, दुसऱ्यावर उजवी. अशी अनेक नाणी जुळवली म्हणजे पुरा ठसा उभा राहतो.

अमेरिकेतील १७९३ ते १८१४ च्या तांब्याच्या सेंटांची डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अशीच ठशांवरून वर्गवारी केली. त्या नाण्यांवर निदान साल तरी असते. आमच्या जुन्या शिवराईवर तेही नाही; तिचा ठसा हाच तिचा दाखला.

म्हणून एक विनंती. घरातील शिवराई चिंच लावून घासू नये आणि मोडीत घालू नये. ती कोठे, कोणत्या नाण्यांबरोबर मिळाली, ते चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ ठेवावे. अर्धे अक्षर उरलेले नाणेही दुसऱ्या एखाद्या नाण्याची उणीव भरून काढील.