चिंच लावायची नाही

टेबलावर घडी घातलेली जुनी गोधडी, तिच्यावर धुऊन स्वच्छ केलेलं मांजरपाट. आदिलाबादेतल्या एका पदवी महाविद्यालयाची ही रिकामी वर्गखोली आमचं संग्रहालय आहे, निदान दुपारी दोन ते पाच. बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या पाच जणांनी घरातली एकेक जुनी वस्तू आणली आहे. एक समई, बैलाची घुंगरमाळ, निर्मल गावचं रंगवलेलं लाकडी फळ, आजीचं लुगडं आणि ज्वारी मोजायचं एक पितळी माप.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी पिशवीत जातं. टेबलाजवळ शाईचं पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. पहिला सगळा तास वस्तू उचलण्यात आणि ठेवण्यात जातो. एक हात तळाशी, दुसरा बाजूला. समई मधल्या दांड्याला धरून कधीच उचलायची नाही, कारण जुन्या वस्तूचा सांधा कुठे सैल झालाय हे डोळ्यांना दिसत नाही. मुलांना सुरुवातीला हा तास कंटाळवाणा वाटतो. तो मी कधीही कमी करत नाही.

मग कार्ड भरायचं : क्रमांक, द्रव्य, लांबी-रुंदी-वजन, कुठून आली, कोणी केली, सध्याची अवस्था. धातूवर क्रमांक थेट लिहीत नाहीत. सहज दिसणार नाही अशा जागी बोटाएवढ्या जागेत पारदर्शक लॅकरचा थर द्यायचा, तो वाळल्यावर बारीक अक्षरांत क्रमांक, वर पुन्हा एक थर. उद्या पुसावा लागला तर वस्तूला ओरखडा न येता निघाला पाहिजे. लुगड्याचा क्रमांक सुती फितीवर लिहून काठाला सैल टाक्यांनी टाचला.

अवस्थेच्या रकान्यापाशी माप आणणारी मुलगी थांबली. "मॅडम, कळकलंय. चिंच-मीठ लावून आणू का? पाच मिनिटांत सोन्यासारखं होईल."

आपल्या सगळ्यांच्या घरात हेच शिकवलं जातं, आणि स्वयंपाकाच्या भांड्याला ते योग्यच आहे. पण हे माप जैनूर भागातल्या उशेगावच्या ओतकामाचं आहे, ज्याला बाजारात ढोकरा म्हणतात. मातीचा गाभा करायचा, त्याच्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळायच्या, वर पुन्हा माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी तापलेलं पितळ ओततात. शेवटी साचा फोडावाच लागतो, म्हणून एकासारखं दुसरं माप जगात नसतं. हे करणाऱ्या वोज लोकांना आमच्याकडे ओतारी म्हणतात. मापावर दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे त्या ओताऱ्याच्या बोटांनी ठेवलेली मेणाची तार आहे. आंबट लावून घासलं की ती रेघ दर वेळी थोडी झिजते. आणि खाचेत बसलेलं कुंकू? सणाला या मापाची पूजा होत होती, याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

भिंगाखाली आम्ही फरक शोधला. तपकिरी, घट्ट बसलेला थर राहू द्यायचा. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी जागा धोक्याची, ती आकृती काढून नोंदवायची आणि वस्तू कोरड्या जागी ठेवायची. एका मापावर पाऊण तास गेला. तिनं कार्डावर लिहिलं : 'कुंकू काढलेले नाही.'

नावाच्या रकान्यात मात्र तिनं 'पात्र' लिहिलं होतं. ते मी खोडलं. तिच्या घरी गोंडी बोलतात. दुसऱ्या दिवशी ती आजीकडून खरा शब्द घेऊन आली आणि तो तिनं गुंजाला गोंडी लिपीत लिहिला. नारनूर भागातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांमधली ही लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. आदिलाबाद ढोकराला भौगोलिक मानांकन मिळालं तेही २०१८ मध्येच. कार्डावर आता गोंडी, मराठी आणि तेलुगू अशी तीन नावं आहेत. पुढे कुणी अभ्यासक आला तर तो या तिन्हींतल्या कुठल्याही नावानं हे माप शोधू शकेल.

मी हे काम बडोद्याला शिकले. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. इतर विद्यापीठांकडे स्वतःची संग्रहालयंही आहेत : कलकत्ता विद्यापीठाचं आशुतोष संग्रहालय १९३७ चं, आणि बनारस हिंदू विद्यापीठाकडे भारत कला भवन आहे. पण बडोद्याला जाण्याआधी, पदवी हातात पडेपर्यंत मी एकाही जुन्या वस्तूला शिकाऊ हात लावला नव्हता. तो हात एकोणिसाव्या वर्षीच तयार व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. १९४० च्या दशकात आमच्याच भागातल्या मार्लवाई गावात राहून मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी गोंडांची जी छायाचित्रं घेतली, ती लंडनच्या सोआस या विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. ज्यांच्या आजी-आजोबांच्या गावांची ती छायाचित्रं आहेत, त्या मुलांना जपणुकीचं काम शिकायला जवळ जागा असली पाहिजे.

नागपूर, हैदराबाद, पुणे इथल्या संग्रहालयांत काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे : उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्यासारख्या जिल्ह्यांतली दोन-दोन मुलं महिनाभर ठेवून घ्या. वस्तू कशी उचलायची, हे ती शिकूनच येतील.