ओटल्याचं माप

आपल्या कॉलेजात मी एकच वर्ष होते, मग आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. पण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला कोणी काढलं नाही. त्यामुळे अंकाची वेळ आली की निरोप येतोच. यंदा विचारणा अशी होती, की तुम्ही लोक रात्र-रात्र जागून नक्की करता तरी काय?

तर मित्रांनो, आम्ही संदर्भासह स्पष्टीकरण करतो. फरक इतकाच की तुम्हाला कवितेच्या दोन ओळी मिळतात आणि आम्हाला एक गल्ली. त्या गल्लीत एक रिकामी जागा दाखवतात आणि म्हणतात, इथे शाळा काढा, दवाखाना काढा. अट एकच, जे काढाल ते त्या मोहल्ल्याचं वाटलं पाहिजे. आमच्याकडे याला 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात, आणि ज्युरीत निम्मी मुलं याच शब्दावर आपटतात.

मीसुद्धा आपटले. तिसऱ्या वर्षी आमच्या गटाला राजवाड्याच्या मागची एक गल्ली मिळाली. पडलेल्या वाड्याची जागा होती आणि तिथे मोहल्ल्यासाठी छोटं वाचनालय करायचं होतं. आम्ही दोन तास फिरलो, शंभरेक फोटो काढले आणि घरी येऊन झरोके काढायला बसलो. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. आम्ही तीच गंमत दोन मजल्यांत बसवली. सरांनी शीट पाहिली आणि म्हणाले, "अरे भिया, ये तो राजवाडे का पासपोर्ट फोटो है." मग विचारलं, "इस गली में रात को दस बजे कौन बैठता है?"

आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही सकाळी अकराला गेलो होतो ना!

आता इंदूरच्या पोरांना हे माहीत नसावं म्हणजे कमाल आहे. सराफा इथून हाकेच्या अंतरावर. दिवसभर तिथे सोन्या-चांदीची दुकानं चालतात. रात्री शटर खाली आलं की त्याच दुकानांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जलेबीच्या कढया लागतात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत. जागा तीच, पण दिवसाचा मालक वेगळा आणि रात्रीचा वेगळा. नकाशात मात्र तिथे फक्त 'दुकान' लिहिलेलं असतं. वेळ नकाशात येत नाही, आणि कॉन्टेक्स्टचा मोठा भाग म्हणजे वेळच.

मग आम्ही पाळ्या लावून पहाटे पाचपासून रात्री एकपर्यंत गल्लीत बसलो. पहाटे नळाच्या पाण्याची गडबड. सकाळी पोहे-जलेबी आणि पेपर. दुपारी बायका भाजी निवडत बसतात, संध्याकाळी एक ताई तिथेच चार पोरांची ट्यूशन घेतात, रात्री सराफ्यात गाडी लावणारा मुलगा भांडी टेकवतो. हे सगळं एकाच ठिकाणी चालतं, घराबाहेरच्या ओटल्यावर. आम्ही माप घेतलं: उंची सोळा इंच, म्हणजे बसल्यावर पाय बरोबर जमिनीला टेकतात. हे माप पुस्तकातून कुणी काढलं नसणार, बसून-बसूनच ठरलं असणार.

हे करणारे आम्ही पहिले नाही, हे नंतर कळलं. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला नगररचनेचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत छापला गेला. आधी शहर पायी फिरून बघा, रोग ओळखा आणि मगच औषध द्या, हा त्यांचा आग्रह. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढणं त्यांना मंजूर नव्हतं. अगदी मोडकळीला आलेलं घर काढावं, तिथे छोटी मोकळी जागा करावी आणि बाकीचं राखावं, अशी हलक्या हाताची शस्त्रक्रिया ते सुचवत. त्यांच्या चरित्रांत एक मजेदार प्रसंग येतो. प्लेगचे दिवस होते. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ठरवलं, की ती नेहमीच्या मार्गानं न जाता ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील त्यांतून जाईल. लोकांनी आपापली दारं झाडून, रंगवून काढली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीरही होता, तो शेवटी जाळला. स्वच्छतेत पहिला नंबर वगैरे आपण आत्ता मिरवतो, पण ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची!

दुसरं उदाहरण माझ्या जास्त जवळचं. 1980 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांनी 'अरण्य' वसाहत आखली. सुमारे 85 हेक्टर जमीन आणि साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, त्यांतले बहुतेक गरिबांसाठी. त्यांना तयार घर दिलं नाही. जोतं, संडास-न्हाणी, नळ आणि वीज दिली; भिंती ज्यानं-त्यानं ऐपतीप्रमाणे उभ्या करायच्या. नमुना म्हणून 80 घरं बांधून दाखवली. 1995 मध्ये या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला.

पण मला आवडतं ते त्याआधीचं काम. दोशींची वास्तुशिल्प फाउंडेशन आणि कॅनडाचं मॅकगिल विद्यापीठ यांच्या लोकांनी इंदूरच्या झोपडवस्त्या अक्षरशः टेप लावून मोजल्या. पहिला भाग 1984 मध्ये निघाला. घरासमोरचा ओटा, झाडाखालची जागा, खिडकीतलं दुकान, दारात चालणारा धंदा, सगळ्याची चित्रं आणि मापं. ज्याला कागदोपत्री अतिक्रमण म्हणतात, ते त्यांनी घराचाच भाग म्हणून नोंदवलं. आज अरण्यात गेलात तर ती नमुन्याची घरं शोधावी लागतात, इतके मजले चढलेत. काही जण नाक मुरडतात. मला वाटतं, जोतं दिलं होतं ते यासाठीच की.

आमचं वाचनालय मग बदललं. झरोके गेले. वाचायची खोली आत सरकवली, पुढे सोळा इंचाचा लांब ओटला आणि त्याच्या टोकाला नळ. ज्युरीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "प्लॉटच्या हद्दीबाहेर दीड फूट? नियमात बसतं?" बसत नव्हतं. मार्क ठीकठाक मिळाले.

मला आजही टोचतं ते वेगळंच. ज्या काकूंच्या ओटल्यावर आम्ही वीस तास काढले, चार वेळा चहा प्यायलो, त्या शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "मागच्या वर्षीही पोरं आली होती टेप घेऊन. पुढच्या वर्षीही येतील. बांधणार कधी गं तुम्ही?" हा कागदावरचाच प्रकल्प आहे, हे त्यांना सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. त्या दीड महिना समजत होत्या, की समोर खरंच वाचनालय होणार. नातवाला सांगूनही टाकलं होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी गल्लीत रुंदीकरणाच्या लाल खुणा आल्या. काकूंच्या भिंतीवरची खूण ओटल्याच्या आतल्या बाजूला होती. ओटला गेला, पुढच्या खोलीचाही तुकडा गेला. भिंत त्यांनी मजूर लावून स्वतःच उतरवली.

आम्ही त्यांच्या घराची मोजलेली शीट मोठ्या कागदावर छापली आणि नेऊन दिली. दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. नळ कुठे, कोनाडा कुठे, बोट ठेवून ओळखलं. मग म्हणाल्या, "तुळस डावीकडे होती. तुम्ही उजवीकडे काढलीय."

खोडरबर कुणाकडेच नव्हतं. पेनानं खाडाखोड करून आम्ही ती डावीकडे केली.