रोहिणी ते मृग : मलकापूरच्या रात्रींची गाणी कशी लावावीत

उन्हाळा संपत आला हे वऱ्हाडातल्या मलकापुरात नक्षत्रावरून ओळखतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, नवतपा सुरू होतो आणि ७-८ जूनला मृग. मधल्या पंधरवड्यात दिवसा घराबाहेर पडायची सोय नसते. पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो. सूर्य सातच्या आसपास मावळतो खरा, पण सिमेंटच्या गच्च्या आणि डांबरी रस्ते दिवसभर प्यालेली उष्णता पुढचे दोन तास ओकत राहतात. त्यामुळे गावाची संध्याकाळ सुरू होते ती जेवणं उरकल्यावर, नऊला. मग रसवंती, कुल्फीची गाडी, पानठेला, स्टेशनकडचा रस्ता. घरची मंडळी पायी, पोट्टे मोटारसायकलवर. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले सुट्टीवर आलेले असतात आणि लग्नाचे उरलेसुरले मुहूर्त उरकले जात असतात.

या रात्रींची एक प्लेलिस्ट करायची आहे. अशी, की जानेवारीत पुण्याच्या खोलीत लावली तरी मलकापूरचा जून डोळ्यांपुढे यावा.

बहुतेक जण सुरुवात करतात ती शोधाच्या चौकटीत ‘रात’, ‘चाँद’, ‘चांदणं’ असे शब्द टाकून. दहा मिनिटांत शंभर गाणी गोळा होतात. ती यादी चंद्राची होते, मलकापूरची होत नाही. गाण्यात रात्र असली म्हणजे ते रात्रीचं गाणं झालं, असं मुळीच नाही. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करावी. आधी कागदावर तास लिहावेत : नऊ, दहा, अकरा, बारा. प्रत्येक तासाला आपण कुठे असतो, चालत असतो की बसलेले, सोबत किती जण आणि आजूबाजूला काय वाजत असतं, हे त्यापुढे टिपावं. गाणी त्यानंतर.

ही रीत नवी नाही. ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झालेल्या विविध भारतीने रात्रीचे तास असेच वाटून दिले होते. दहाला ‘छायागीत’, साडेदहाला ‘आपकी फरमाइश’, अकराला ‘बेला के फूल’. त्यातलं ‘छायागीत’ नीट ऐकण्यासारखं. त्यात गाणी निवेदकाच्या पसंतीची असतात. तो एखादा भाव धरतो, अर्ध्या तासात मोजकी गाणी ओवतो आणि दोन गाण्यांच्या मधे चार वाक्यं बोलतो. फरमाइशीच्या कार्यक्रमात गाणी सुटी असतात, एकामागून एक आली तरी त्यांची ओळखदेख नसते. छायागीतात तिसरं गाणं दुसऱ्यानंतरच का आलं याला कारण असतं. आपल्याला करायचं आहे ते छायागीत. फक्त मधली वाक्यं बोलायला निवेदक नाही, म्हणून ते काम क्रमाने करून घ्यायचं.

पुढे कॅसेट आली. गावोगावच्या रेकॉर्डिंगच्या दुकानांत कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दिली की दोन दिवसांनी भरून मिळे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीसची, नव्वदच्या कॅसेटची पंचेचाळीसची. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून बेरीज करावी लागे आणि बाजू उलटण्यापूर्वीचं गाणं विचार करून निवडावं लागे. फोनवरच्या यादीला असं कुंपण नाही, आणि हीच तिची खोड. ती फुगत जाते. त्यानंतरच्या काळात मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ घ्यायची पद्धत आली. त्यात गाणी हजारो, क्रम शून्य. कार्डात गाणी नावाच्या अक्षरावरून लागत. आजही गाडीत पेनड्राइव्ह लावणाऱ्यांची ही तक्रार असते. उपाय सोपा : फाईलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालायचे. शून्य विसरलात तर अनेक प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. काही प्लेअर नावं बघतच नाहीत, ज्या क्रमाने गाणी कॉपी केली त्या क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी एकेक करून कॉपी करावं.

कुंपण आपणच घालू. नऊ ते बारा, तीन तास. एक गाणं सरासरी सव्वाचार मिनिटांचं धरलं तर चाळीस-बेचाळीस गाणी. त्यापेक्षा एकही जास्त नको. नवं घालायचं तर जुनं काढायचं.

पहिला टप्पा चालण्याचा. जेवून निघालेल्या माणसाची चाल मिनिटाला नव्वद-शंभर पावलांची असते. गाण्याची लय मोजायला यंत्र लागत नाही : पंधरा सेकंदांत टाळी किती वेळा पडते ते मोजा, चारने गुणा. नव्वद ते एकशेदहाच्या मधलं गाणं पावलाला बसतं. ओ. पी. नय्यर यांचा टांग्याचा ठेका इथे अगदी हक्काचा. ‘नया दौर’ (१९५७) चाळलात तरी हाताला लागेल. जुन्या गाण्यांचा आणखी एक फायदा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे त्या काळातली बरीच गाणी आटोपशीर आहेत. चौकापर्यंत पोहोचेतो तीन-चार गाणी होतात आणि आपण कुठेतरी आलो असं वाटतं. पहिल्या गाण्याबद्दल एवढंच की ते फार लाडकं नसावं. सगळे जमेपर्यंत, कुणीतरी चप्पल शोधत असताना, त्याचा अर्धा भाग वायाच जातो.

दुसरा टप्पा ठेल्याचा आणि रसवंतीचा, आणि ‘चांगली आवड’ असलेली माणसं नेमकी इथे फसतात. या तासात आपल्या गाण्यांचं काही चालत नाही. चरकाला बांधलेले घुंगरू एका लयीत वाजत असतात, पलीकडे वरातीचा डीजे, एखाद्या दुकानातून कव्वाली, कुठे भीमगीत. मलकापूर खानदेशच्या उंबरठ्यावरचं वऱ्हाड आहे. जळगावकडून आलेल्या वऱ्हाडी मंडळींसोबत ‘केसावर फुगे’सारखी अहिराणी गाणी येतात, तर अकोला-अमरावतीकडची पाहुणेमंडळी आपला बाज घेऊन येतात. हे सगळं गाळून फक्त गझला ठेवल्या तर यादी घरंदाज होईल आणि खोटी होईल. इथे निवड आपण करायचीच नाही. आठवडाभर रात्री जे कानावर पडेल ते फोनमध्ये टिपून ठेवायचं आणि ज्याची नोंद दोन-तीनदा झाली ते घ्यायचं. ‘ऐका दाजीबा’ (२००२) आणि ‘सैराट’मधलं (२०१६) ‘झिंगाट’ यांना वरातींनी अजून निवृत्त केलेलं नाही, त्यामुळे ती येणारच. कव्वालीत ‘बरसात की रात’मधली (१९६०) रोशन यांची ‘ना तो कारवाँ की तलाश है’ सुमारे बारा मिनिटांची आहे. चित्रपटाच्या नावात पाऊस असला तरी असो, गप्पांचा फड जमला की अशी एक लांब रचना हवीच. तेवढा वेळ कुणी फोनला हात लावत नाही.

तिसरा टप्पा गाडीचा. जुना सहा नंबरचा, आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो. कुणाची चारचाकी हाताशी असली तर मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्यापर्यंत, निव्वळ गार वाऱ्यासाठी. गाडीत गाणं निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायरचा आणि इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीतला असतो आणि तो गाण्यातला खालचा नाद झाकून टाकतो. घरी हेडफोनवर ज्या गाण्याचा बास आवडला ते रस्त्यावर फिकं लागतं. इथे गळा पुढे असलेली गाणी टिकतात : किशोरकुमार, आशा भोसले, मोहम्मद रफी. मोटारसायकलवर मात्र कानात काही घालायचं नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न हेच त्या रस्त्यावरचं गाणं.

चौथा टप्पा गच्चीचा, आणि खरी यादी इथेच जमते किंवा फसते. पाणी शिंपडून गच्ची निवलेली असते, गाद्या पडलेल्या असतात. त्या दिवसांत दहा-साडेदहाला स्वाती जवळपास डोक्यावर असते, दक्षिणेकडे चित्रा आणि आग्नेयेला वृश्चिक वर येत असतो. स्टेशनवरचे आवाज मात्र अचानक जवळ आल्यासारखे वाटतात. त्याला कारण आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि आवाज वरच्या बाजूला वळतो. रात्री जमीन निवते, खालची हवा वरच्यापेक्षा थंड होते आणि आवाज पुन्हा खाली वळतो. म्हणून मुंबई-हावडा मार्गावरच्या मालगाडीचा भोंगा दुपारी ऐकू येत नाही, तो रात्री थेट अंथरुणात येतो. तेव्हा या टप्प्यातली गाणी विरळ वाद्यांची हवीत. दोन सुरांमधे मोकळी जागा असली की गाडी तिथून निघून जाते आणि गाणं मोडत नाही. गच्चीवर कूलर लावला असेल तर मात्र हा सगळा विचार व्यर्थ आहे.

इथे वऱ्हाडाने स्वतःच्या माणसाकडे वळावं. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२. त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चाली उन्हाळी गच्चीसाठीच बांधल्यासारख्या आहेत : आशाबाईंचं ‘चांदण्यात फिरताना’, लताबाईंचं ‘मालवून टाक दीप’. त्यांच्यासोबत नागपूरच्या राजा बढे यांचं ‘चांदणे शिंपीत जाशी’ घ्यावं. चाल हृदयनाथांचीच, गळा आशाबाईंचा. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रा यांचं ‘शुक्रतारा’ सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून टाळू नये, गच्चीवर ते सगळे मिळून गुणगुणतात. एखादी गझल भीमराव पांचाळे यांची.

शेवटची, बाराच्या सुमाराची जागा मालकंसाची. रात्रीचा तिसरा प्रहर ही त्याची परंपरेने ठरलेली वेळ. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘नवरंग’साठी (१९५९) केलेलं ‘आधा है चंद्रमा’ या रागातलं आहे. मालकंसात रिषभ नाही आणि पंचमही नाही, म्हणून तानपुरा पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. याचा यादीशी थेट संबंध येतो. पंचमाच्या आधारावर तास-दीड तास बसलेल्या कानाला मालकंसाचं गाणं एकदम आलं तर पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटते. त्याच्या आधी दहा सेकंदांची शांतता ठेवा, किंवा सतार-बासरीचा एखादा लहान तुकडा.

हे झालं की सांधे तपासायचे. पूर्ण यादी ऐकत बसू नका, त्यात रात्र जाते आणि कान बधिर होतात. प्रत्येक गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस एवढंच ऐका. दोन गोष्टी लगेच कळतील. पहिली म्हणजे १९६०चं गाणं हळू वाजतं आणि २०१६चं अंगावर येतं; अलीकडची गाणी दाबून मोठी केलेली असतात. अ‍ॅपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते, ती चालू करा. दुसरी गोष्ट क्रॉसफेडची. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपमध्ये एक गाणं विरत असताना दुसरं सुरू करता येतं, बारा सेकंदांपर्यंत. नाचाच्या गाण्यांना ते शोभतं. तबल्याच्या गाण्यांना ते पूर्ण बंद ठेवा, नाहीतर एका गाण्याचा दादरा दुसऱ्याच्या केहरव्यावर आदळतो. शफल बंद, हे सांगायला नको.

गच्चीवरच्या स्पीकरबद्दल कायदाही ठाऊक असावा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. छोटा स्पीकर उशीशेजारी ठेवून शेजारच्या गच्चीवर गाणं ओळखू येणार नाही इतपत आवाज ठेवला, की पुरे.

यादीच्या शेवटी पावसाचं गाणं घालायचा मोह प्रत्येकाला होतो. घालू नका. या पंधरवड्यात पाऊस फक्त बोलण्यात असतो : कृषी केंद्रासमोर, पराटीच्या बियाण्याच्या भावात, आभाळाकडे बघून केलेल्या अंदाजांत. तो यादीत आला की वाट बघणं संपतं. मृगाची पहिली सर आली की यादी बंद करायची, नावात साल घालायचं आणि पावसासाठी दुसरी उघडायची. आणि हे सारं आधीच डाउनलोड करून ठेवावं. मृगाआधीचं वादळ आलं की पहिल्यांदा वीज जाते, आणि थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो.