करथकबाकी : वैद्यव्यवसायातील एक उपेक्षित व्याधी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितलेले सहा क्रियाकाल आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. दोष संचयावस्थेत असतानाच त्याचे निर्हरण केले तर तो पुढची गती घेत नाही, हे आपण रुग्णांस नित्य समजावून सांगतो. मात्र स्वतःच्या व्यवसायातील एका संचयाकडे आपल्यापैकी अनेकांचे लक्ष नसते. तो संचय म्हणजे न भरलेल्या कराचा. आम्ही करसल्लागार नाही. तथापि गेली अनेक वर्षे चिकित्सालय व त्यास जोडून औषधालय चालविताना, तसेच समव्यावसायिकांच्या अडचणी ऐकताना जे ध्यानात आले, ते येथे मांडण्याचा मानस आहे.

नोकरदाराचा कर वेतनातूनच कापला जातो. थकवायचे म्हटले तरी त्याला ते साधत नाही. आपले तसे नाही. सायंकाळी गल्ल्यात जमा झालेली रक्कम सर्वस्वी आपलीच वाटते. तीतून काष्ठौषधींच्या ठोक विक्रेत्याची उधारी फिटते, कंपाउंडरचा पगार होतो, मुलांचे शुल्क भरले जाते. त्या रकमेतील काही भाग पहिल्या दिवसापासून शासनाचा असतो, ही जाणीव मार्च महिना उजाडल्यावर होते आणि तोवर पैसा खर्च झालेला असतो. अप्रामाणिकपणामुळे थकबाकीत गेलेले वैद्य आमच्या पाहण्यात थोडे आहेत. वेगळी रक्कम न ठेवल्यामुळे गेलेले पुष्कळ आहेत.

वर्षाचा आयकर दहा हजार रुपये वा त्याहून अधिक होत असेल तर तो वर्ष संपण्यापूर्वीच, आगाऊ भरावा लागतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या त्याच्या तारखा. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरण्याची जी अनुमानित पद्धती २०१६ च्या वित्त अधिनियमाने व्यावसायिकांसाठी आणली, ती स्वीकारणाऱ्यास १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. ही सवलत मोठी आहे. पण वर्षभर काहीच भरायचे नसल्याने विस्मरणाची सोयही तितकीच मोठी होते.

विलंबाची किंमत एका उदाहरणाने पाहू. आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी एका वैद्यांचा कर, अनुमानित पद्धतीनेच, एक लाख रुपये होता व आगाऊ कर त्यांनी मुळीच भरला नव्हता असे समजा. विवरणपत्राची मुदत ३१ जुलै २०२३ होती. त्यांनी ते डिसेंबर २०२३ अखेर भरले असते, तर आगाऊ कर न भरल्याबद्दल नऊ महिन्यांचे नऊ हजार, विवरणपत्राच्या विलंबाचे पाच महिन्यांचे पाच हजार, मार्चचा हप्ता चुकल्याचे एक हजार व विलंबशुल्क पाच हजार असे वीस हजार रुपये अधिक लागले असते. डिसेंबरही चुकवून मार्च २०२४ अखेर अद्ययावत विवरणपत्र दाखल केले असते, तर व्याज एकवीस हजारांवर गेले असते, शुल्क पाच हजार राहिले असते, आणि कर व व्याजाच्या बेरजेवर २५ टक्के, म्हणजे ३०,२५० रुपये, अतिरिक्त कर बसला असता. एकूण १,५६,२५०. दरमहा एक टक्का ऐकावयास सौम्य वाटतो, परंतु तो एकाच वेळी दोन-तीन कलमांखाली चालू असतो हे लक्षात घ्यावे.

याहून गंभीर अवस्था मागणीची नोटीस आल्यानंतरची. नोटीस मिळाल्यापासून सामान्यतः तीस दिवसांत रक्कम भरावयाची असते. त्याच मुदतीत कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करून मुदतवाढ वा हप्ते मागता येतात. मागणी मान्य नसेल आणि अपील केले असेल, तर वादग्रस्त रकमेच्या २० टक्के भरून उर्वरित वसुलीस स्थगिती मिळण्याची वाट केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जुलै २०१७ च्या निर्देशाने ठरवून दिली होती. मुदत उलटली की करदाता कसूरदार ठरतो. मग दरमहा एक टक्का व्याज, थकीत कराच्या रकमेइतका होऊ शकणारा दंड, आणि बँकेस परस्पर नोटीस पाठवून खात्यातील रक्कम वळती करून घेण्याचा अधिकार, हे सर्व सुरू होते. प्रकरण करवसुली अधिकाऱ्याकडे गेल्यास जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री होऊ शकते. अटकेचीही तरतूद आहे. पण ती देण्याची ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्यासाठी किंवा मालमत्ता अप्रामाणिकपणे दडविणाऱ्यासाठी आहे, आणि तीपूर्वी कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते. ज्याच्याजवळ खरोखर पैसा नाही, त्याने भीतीपोटी गप्प बसण्याचे कारण नाही.

गप्प बसण्याने काय होते, हे आमच्या एका तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या स्नेह्यांनी अनुभवले. २०१८ साली त्यांनी विवरणपत्र दाखल केले, पण पंचकर्म कक्षाचे बांधकाम चालू असल्याने स्वनिर्धारित कर भरावयाचा राहिला. दीड लाखाची मागणी निघाली. ती गेली ई-मेलवर, आणि पोर्टलवर नोंदलेला ई-मेल होता त्यांच्या जुन्या करसल्लागाराचा, ज्याच्याशी संबंध केव्हाच संपले होते. पाठोपाठच्या स्मरणपत्रांचेही तेच झाले. २०२३ साली एके सकाळी बँकेतून दूरध्वनी आला की खाते गोठवले आहे. तोवर मागणी व्याजासह सव्वादोन लाखांच्या घरात गेली होती. त्याच आठवड्यात ठोक विक्रेत्यास दिलेले दोन धनादेश न वटता परतले. विक्रेता पंधरा वर्षांचा; त्याने उधारी बंद केली. गुग्गुळ, शतावरी, भस्मे, सारे रोखीने घ्यावे लागले, आणि रुग्णांस चिठ्ठी देऊन दुसऱ्या दुकानी पाठविण्याची वेळ आली. कराच्या रकमेपेक्षा हा नावलौकिकाचा क्षय त्यांस अधिक झोंबला.

अशा वेळी चिकित्सालयाची जागा पत्नीच्या वा मुलाच्या नावे करून टाकण्याचा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात. तो मानू नये. कारवाई प्रलंबित असताना पुरेशा मोबदल्याशिवाय व अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीविना केलेले हस्तांतरण करमागणीपुरते निरर्थक ठरते. थकबाकी मृत्यूनेही संपत नाही. वारसांस ती मिळालेल्या संपत्तीच्या मर्यादेत फेडावी लागते. भागीदारीत औषधालय असेल तर एका भागीदाराच्या हयगयीने पेढीचा कर थकला तरी मागणी कोणाही भागीदाराकडून वसूल होऊ शकते.

औषधालयधारकांस वस्तू व सेवा कराची बाजू अधिक जाचक आहे. वैद्याची चिकित्सासेवा या करातून मुक्त आहे. गल्ल्यावर विकलेले औषध नाही. पुष्कळांची समजूत अशी की सल्लाशुल्क करमुक्त असल्याने उलाढालीत ते धरावयाचे नाही. हे चूक आहे. नोंदणीची मर्यादा ठरविताना करमुक्त सेवेची जमाही मोजली जाते, आणि केवळ मालाची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात मिळणारी चाळीस लाखांची मर्यादा सेवाही देणाऱ्यास मिळत नाही; त्याला वीस लाख. सल्लाशुल्क अठरा लाख व औषधविक्री चार लाख असलेला वैद्य नोंदणीच्या कक्षेत येतो आणि बहुधा त्याला ते ठाऊक नसते. नोंदणीकृत दुकानदाराने ग्राहकाकडून घेतलेला कर तर कोणत्याही अर्थाने त्याचा नव्हे. तो थकल्यास वार्षिक अठरा टक्के व्याज लागते. आयुर्वेदीय औषधांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला, तरी त्यापूर्वीच्या विक्रीची थकबाकी जुन्याच दराने द्यावी लागेल. शिवाय आपण ज्याच्याकडून माल घेतो त्याने कर भरला नाही तर आपली वजावटही परत द्यावी लागू शकते. म्हणून पुरवठादार निवडताना त्याची विवरणपत्रे वेळेवर जातात की नाही, तेही पाहावे.

व्यवसाय कराची रक्कम वर्षाला अडीच हजार, म्हणूनच ती विसरली जाते. नावनोंदणीच न करता वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्यास मागील वर्षांचा कर व्याजासह एकदम द्यावा लागतो.

उपाय फार गहन नाहीत. दर शनिवारी आठवड्याच्या जमेतील ठराविक हिस्सा वेगळ्या बचत खात्यात टाकावा. आम्ही दहा टक्के टाकतो, विक्रीवरील कर त्याखेरीज. रोजची रुग्णनोंद ठेवावी. १९६२ च्या आयकर नियमांतील नमुना ३ सी मध्ये डॉक्टरांबरोबर वैद्य व हकीम यांचा स्पष्ट उल्लेख होता, याचे आम्हांस प्रथम वाचताना नवल वाटले होते; तारीख, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप व शुल्क एवढेच त्यात हवे असे, आणि आपला केसपेपर याहून कितीतरी तपशिलाचा असतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी आयकर अधिनियम २०२५ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी वसुलीचा गाभा तोच आहे, आणि जुन्या वर्षांच्या थकबाकीस १९६१ चाच अधिनियम लागू राहतो.

आयकर पोर्टलवर प्रलंबित मागण्या पाहण्याची सोय आहे. तेथे निदान तिमाहीस एकदा स्वतः डोकवावे. मागणी मान्य आहे की नाही, हे तेथेच कळविता येते. काहींस तेथे फार जुन्या, किरकोळ मागण्या आढळतील. आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या व २०१०-११ ते २०१४-१५ मधील दहा हजारांपर्यंतच्या मागण्या, प्रत्येक करदात्यास एकूण एक लाखाच्या मर्यादेत, २०२४ साली माफ झाल्या आहेत. त्या अद्याप दिसत असतील तर विचारणा करावी.

उपरोक्त स्नेह्यांनी अधिकाऱ्यांस प्रत्यक्ष भेटून, कागदपत्रे दाखवून काही रक्कम तत्काळ भरली व उरलेल्यास हप्ते मागितले. मुदत उलटून गेल्याने ते देणे सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या विवेकावर होते, ते मिळाले. खाते खुले झाले, सहा महिन्यांत हप्ते फिटले. ठोक विक्रेत्याने उधारी पुन्हा सुरू करावयास मात्र आणखी वर्ष घेतले. पोर्टलवर आता त्यांच्या स्वतःच्या मोबाइलचा क्रमांक आहे.